दर महिन्याला सर्व्हर मारणाऱ्या बाई

महिन्यातून एकदा, बहुधा बुधवारी, तांबोळीबाई ऑफिसात यायच्या, पर्स खुर्चीला अडकवायच्या, ओढणी सारखी करायच्या आणि शेजारच्या घरी वाईट बातमी सांगायला गेल्यासारखा आवाज काढून म्हणायच्या, "सांगायला वाईट वाटतं, पण आपला सर्व्हर आज सकाळी गेला." आम्ही हातातले चहाचे कप खाली ठेवायचो. सर्व्हर ठणठणीत असायचा. आतल्या खोलीतली त्याची घरघर आम्हाला बसल्या जागी ऐकू यायची. पण बाईंनी गेला म्हटलं की तो गेला. आता तो नाहीच असं धरून दुसऱ्या रिकाम्या मशीनवर सगळा कारभार पुन्हा उभा करून दाखवायचा आणि तोवर कोणी डबा उघडायचा नाही, असा नियम होता.

आमचं ऑफिस पुण्यातल्या छोट्या पॅथॉलॉजी लॅबचं काम बघतं. तुम्ही सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन येता आणि दुपारी मोबाइलवर रिपोर्ट येतो, तो आमच्याकडून जातो. नाव, वय, रक्तगट, साखर, मागच्या कित्येक तपासण्यांचे आकडे, सगळं आमच्या सर्व्हरवर असतं. मी तिथे लॅबवाल्यांचे फोन घेतो. संगणकातलं मला बेताचंच कळतं, लॅबवाल्यांनाही बेताचंच कळतं, त्यामुळे आमचं छान जमतं. ही सगळी माहिती सांभाळणं हे तांबोळीबाईंचं काम. त्यांच्या हुद्द्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, ते व्हिजिटिंग कार्डावर दोन ओळींत मावायचं. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो.

बाईंचं बोलणं थोडं आणि कोरडं. नवा माणूस आला, त्याने त्यांचं नाव ऐकलं, मग त्यांचं बोलणं ऐकलं, की हमखास म्हणायचा, "तुमचं मराठी किती छान आहे हो." बाई त्याच्याकडे शांतपणे बघून म्हणायच्या, "तुमचंही बरं आहे." त्यांच्या घराण्याला पुण्यात येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. त्या स्वतः वाढल्या खडकीला, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. वडील तिथे फोरमन होते. तिथे भोंग्याची कवायत व्हायची. भोंगा वाजला की हातातलं टाकून ठरलेल्या दाराने ठरलेल्या जागी जाऊन उभं राहायचं. वडिलांनी तीच पद्धत घरी लावली. ते जेवता जेवता अचानक ताटावर वाटी वाजवायचे आणि पोरांनी अंगणात पळायचं. आई चिडायची, भाकऱ्या गार व्हायच्या, पण वडील हटायचे नाहीत. बाई सांगायच्या, "अब्बा म्हणायचे, आग लागल्यावर दार शोधायचं नसतं. दार आधी शोधून ठेवायचं, म्हणजे आग लागली तरी जेवण पूर्ण करता येतं." यातला दुसरा भाग वडिलांचा की बाईंचा, याबद्दल मला कायम शंका आहे.

आमचे मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणतो, त्यांना हा महिन्याचा मृत्यू मुळीच पसंत नव्हता. अर्धा दिवस फुकट जातो म्हणायचे. त्यांचा भरवसा रेप्लिकेवर होता. रेप्लिका म्हणजे शेजारच्या खोलीतलं दुसरं मशीन. मुख्य सर्व्हरवर कोणी काही लिहिलं की ते लगेच तसंच आपल्याकडे उतरवून घ्यायचं. एक गेला तर दुसरा आहे, मग काळजी कशाची, असं साहेबांचं म्हणणं. बाई म्हणायच्या, "आहे ना. आणि फार आज्ञाधारक आहे. आपण चुकलो की तीही लगेच चुकते." म्हणून बाईंचा भरवसा होता तो स्नॅपशॉटवर. स्नॅपशॉट म्हणजे एका क्षणाला सगळी माहिती जशी होती तशी टिपून, कुलूप लावून, नागपूरला भाड्याने घेतलेल्या एका मशीनवर ठेवलेली. नंतर इथे कोणी काही पुसलं तरी तिथलं पुसलं जात नाही. रोज सकाळी असा एक स्नॅपशॉट घेतला जायचा.

तो कसा घ्यायचा याबद्दल बाईंचा हट्ट फार. मुख्य सर्व्हरला हात लावायचा नाही, लॅबचं काम चालू राहिलं पाहिजे. रेप्लिकेला थोडा वेळ थांबवायचं. तिच्या हातात जे अर्धवट लिहिणं आहे ते तिला पूर्ण करू द्यायचं. सगळं डिस्कवर उतरलं की मग टिपायचं, मग तिला सोडायचं, आणि मागे राहिलेलं तिने भरून काढलं का ते बघूनच उठायचं. बाई म्हणायच्या, "तिला हातातलं खाली ठेवू द्या. कोणी पोळी लाटत असताना पोळ्या मोजायला जाऊ नये." एकदा आमच्यातल्या एकाने वेळ वाचवायला रेप्लिका चालू असतानाच स्नॅपशॉट घेतला. त्याच आठवड्यात सर्व्हर वारला आणि तोच स्नॅपशॉट उघडला गेला. सगळं आलं, फक्त एका ठिकाणी रक्तगट होता आणि माणूस नव्हता. रक्तगट लिहायच्या आणि नाव लिहायच्या मधल्या फटीत तो टिपला गेला होता. बाई रागावल्या नाहीत. वेळ वाचवणाऱ्या गृहस्थाच्या टेबलापाशी गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे रक्त कोणाला देऊ?" त्यानंतर आमच्या ऑफिसात कोणी वेळ वाचवला नाही.

सर्व्हर परत उभा राहिला, असं आम्ही म्हणून भागायचं नाही. बाई मला फोनवरचा लॅबवाला व्हायला सांगायच्या. मी हडपसरचा लॅबवाला होऊन विचारायचो, अहो, काल संध्याकाळी आलेल्या आजोबांचं हिमोग्लोबिन किती होतं? ते बरोबर सांगता आलं तर सर्व्हर जिवंत. मग बाई पिशवीतून मावा केक काढायच्या. केक आधीपासून पिशवीत असायचा, म्हणजे त्यांचा आमच्यावर विश्वास असायचा. मात्र एकदा आजोबांचं हिमोग्लोबिन चुकलं, तेव्हा केकही तसाच घरी परत गेला.

वानखडे अमरावतीहून आमच्याकडे नोकरीला आला तेव्हा त्याला हे काहीच माहीत नव्हतं. तिशीतला, लग्न झालेला, शहाणा माणूस. त्याच्या पहिल्याच बुधवारी बाईंनी निधनवार्ता दिली आणि हा धावत आतल्या खोलीकडे निघाला. बाई म्हणाल्या, "तिकडे काय अंत्यदर्शनाला निघालात? बसा इथे. तो गेला." त्यानंतर वानखडे आमच्या सगळ्यांपेक्षा तरबेज झाला. त्याला या खेळाची गोडीच लागली. बायकोशी फोनवर बोलताना म्हणायचा, "आज उशीर होते, आमच्याकडे मयत झाली." ती बिचारी पहिल्या वेळी खरंच घाबरली होती.

आणि नेमकं त्याच वानखडेच्या हातून ते झालं. एका मंगळवारी भर दुपारी त्याला सरावाच्या मशीनवरची पेशंटांची नावं पुसायची होती. दोन्ही मशीनच्या खिडक्या समोर उघड्या होत्या. त्याने पुसली ती खऱ्या सर्व्हरवरची. डोळ्यांदेखत रेप्लिकेवरची पण गेली, कारण ती आज्ञाधारक. वानखडे जागेवरून उठला, पांढराफटक. म्हणाला, "मी तं सरावाचं मशीन समजून केलं न." माझे फोन खणखणायला लागले. कोथरूडहून, खडकीहून, बिबवेवाडीहून एकच तक्रार, रिपोर्ट दिसताहेत पण कोणाचे ते दिसत नाही. एका लॅबमध्ये एक बाई ऑपरेशनला जायच्या आधी रिपोर्ट घ्यायला येऊन बसल्या होत्या.

काय करायचं ते आम्हाला पाठ होतं. दर महिन्याला करत होतो. सकाळचा स्नॅपशॉट नागपूरला होता. पण कोणी कीबोर्डला हात लावेना. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, काही करू नका, आधी बाईंना बोलवा. आम्हालाही ते एकदम पटलं. बाई त्या दिवशी सदाशिव पेठेत दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या आणि त्यांचा फोन बंद होता. मी स्कूटर काढली.

दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंनी मला अपॉइंटमेंट आहे का विचारलं. मी म्हटलं, मला दाताचं काही नाही, मला तांबोळीबाईंना भेटायचंय, फार तातडीचं आहे. त्या म्हणाल्या, "त्यांची दाढ चालू आहे. बसा." मी बसलो. पुण्यात अशा वेळी दुसरं काही करता येत नाही. बाई बाहेर आल्या तेव्हा अर्धा चेहरा बधिर, तोंडात कापूस, आणि बोलायला डॉक्टरांनी मनाई केलेली. मी सगळं सांगितलं. त्यांनी भुवया वर केल्या, हाताने ‘मग करा ना’ अशी खूण केली. मी म्हटलं, सगळे तुमचीच वाट बघताहेत. त्यांनी कपाळावर हात मारला आणि स्कूटरवर मागे बसल्या.

ऑफिसात आल्यावर बाई खुर्ची ओढून मधोमध बसल्या. एवढंच केलं. तोंडात कापूस, शब्द नाही. पण त्या बसल्या आणि ऑफिस हललं. एकाने लॅबना काम थांबवायला सांगितलं, एकाने रिकामं मशीन जोडलं, वानखडेने नागपूरहून स्नॅपशॉट मागवला. त्याचं कुलूप उघडायला मात्र बाई स्वतः उठल्या, पासवर्ड घातला आणि परत जाऊन बसल्या. त्याकडे तेव्हा कोणाचं लक्षही गेलं नाही. सकाळनंतर आलेल्या पेशंटांची नावं स्नॅपशॉटमध्ये नव्हती, ती मी लॅबना फोन करकरून पुन्हा भरून घेतली. संध्याकाळ व्हायच्या आत सगळे रिपोर्ट आपापल्या माणसांना मिळाले. ऑपरेशनवाल्या बाईंनाही मिळाला, त्यांच्या लॅबवाल्याने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. वानखडे एका कोपऱ्यात तोंड पुसत बसला होता.

साहेबांनी विचारलं, हे केलं कोणी? बाईंची जीभ तोवर थोडी सुटली होती. वानखडे उठून उभा राहिला, तर त्यांनी त्याला हाताने बसवलं आणि अडखळत म्हणाल्या, पुसणारा उद्या दुसरा कोणी असेल, तो माणूस आहे, पुसणारच. साहेब आत गेल्यावर त्या आमच्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं.

"मी आल्यावर काय केलं, सांगा बरं? खुर्चीत बसले. तेवढ्यासाठी पेशंट खोळंबले. तुम्ही माझ्या दाढेची वाट पाहिलीत."

थोड्या वेळाने त्यांचा आवाज खाली आला. म्हणाल्या, चूक माझीच आहे, मी दर महिन्याला सर्व्हर मारला, पण प्रत्येक वेळी स्वतः हजर राहिले. आणि पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार आहे. हे शेवटचं वाक्य त्यांनी अगदी सहज टाकलं. ज्या दिवशी बाई नसतील आणि सर्व्हर खरोखर जाईल, त्या दिवशी लोकांचे रिपोर्ट परत येतील का, हा प्रश्न तेव्हापासून ऑफिसात आमच्याबरोबर बसायला लागला.

पुढच्या महिन्यात, बुधवारी सकाळी, बाई आल्याच नाहीत. मला त्यांचा फोन आला. "सातपुते, सांगायला वाईट वाटतं, आज सकाळी मी गेले. सर्व्हरही बरोबर नेलाय." आणि फोन बंद.

आम्ही हसलो, कामाला लागलो आणि तोंडावर आपटलो. नागपूरचा स्नॅपशॉट आला, पण त्याच्या कुलपाचा पासवर्ड कोणाकडेच नव्हता. तो फक्त बाईंच्या डोक्यात होता. दर महिन्याला त्या येता जाता सहज तो घालायच्या. शेवटी मी त्यांच्या घरच्या फोनवर फोन केला. त्यांच्या मिस्टरांनी उचलला. फार सभ्य गृहस्थ, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. मी म्हटलं, जरा बाईंना द्या. ते अवघडून म्हणाले, "अहो, ती वारली आहे ना आज? तसं सांगून ठेवलंय मला. आत मेथी निवडतेय."

त्या दिवशी सर्व्हर जिवंत झाला नाही. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, आम्ही त्यांना पासवर्डचं सांगितलं, आणि त्या मटकन खाली बसल्या. मी त्यांना म्हटलं, बाई, पाणी देऊ का? त्या म्हणाल्या, त्या दिवशी तुमच्या स्कूटरवरून मी पडले असते तर? मी म्हटलं, मी स्कूटर हळू चालवतो. पण ते त्यांना ऐकू गेलं नसावं. त्याच दिवशी त्यांनी आमच्यातल्या दोघांना नवा पासवर्ड ठरवायला लावला, तो दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायचा आणि त्यांना स्वतःला सांगायचा नाही. ते त्यांना फार जड गेलं असं मला वाटतं. आपल्यावाचून अडतंय ही भावना वाईट असली तरी उबदार असते, आणि बाई काही दगडाच्या नव्हत्या.

त्या वर्षी बाई पुष्कळदा वारल्या. कधी बुधवारी, कधी सोमवारी, एकदा तर ऑफिसातच, जेवणाच्या सुट्टीत, भेंडीच्या भाजीचा घास घेताना. तशाच उठल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन विणकाम करत बसल्या. आम्ही समोरून जायचो, यायचो, विचारायची फार इच्छा व्हायची. त्या आमच्याकडे अशा आरपार बघायच्या की माणसाला आपलंच काही चुकलंय असं वाटावं. हळूहळू आमचं बघणं कमी झालं. वानखडे पुढे होऊन कामं वाटायला लागला. निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात बाई वारल्या तेव्हा आजोबांचं हिमोग्लोबिन पहिल्या फटक्यात बरोबर आलं, आणि केक कोपऱ्यातून आमच्यापर्यंत न बोलता पोहोचला.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी शाल दिली आणि लांबलचक भाषण केलं. बाईंना बोलायला सांगितलं तर म्हणाल्या, "मला काही सांगायचं नाही. सांगायचं राहिलं असेल तर मी कामच नीट केलं नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या. मला रडू येत होतं, म्हणून मी उगीच समोशांच्या प्लेटा इकडून तिकडे केल्या.

मग काही महिन्यांनी ते खरंच झालं. इमारतीत शॉर्टसर्किट झालं, आतल्या खोलीतून धूर आला, आणि मुख्य सर्व्हर, शेजारची रेप्लिका, दोन्ही जळून गेली. माणसं सगळी बाहेर, सुखरूप. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर फुटपाथवर आम्ही उभे होतो. माझा मोबाइल वाजायला लागला होता. मी वानखडेकडे पाहिलं. तो म्हणाला, "चला, बुधवार पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून मशीन आणतो. सातपुतेकाका, तुम्ही लॅबना सांगा, थोडा वेळ लागते म्हणून." साहेबांनी आपल्या घरातला हॉल रिकामा करून दिला. पासवर्डवाल्या दोघांनी कुलूप उघडलं. सकाळचा स्नॅपशॉट नागपूरहून उतरला, आणि त्यात प्रत्येक रक्तगटाला आपापला माणूस होता. वानखडेने मला हडपसरचा लॅबवाला व्हायला सांगितलं नाही. हडपसरचा खराच लॅबवाला फोनवर होता.

संध्याकाळी साहेबांच्या घरी पोहे खाताना माझ्या लक्षात आलं की दिवसभरात बाईंची आठवण कोणालाच झाली नव्हती. मला एकदम अपराधी वाटलं. गॅलरीत जाऊन मी त्यांना फोन केला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला, जणू तो हातातच होता. मी सांगितलं की दोन्ही मशीन जळाली.

"मग?"

"मग काही नाही. सगळं परत आलं. लॅब चालू आहेत."

"कोणाला विचारलंत?"

"कोणालाच नाही, बाई. खरं सांगायचं तर तुम्ही आठवलाच नाहीत."

हे तोंडून निघालं आणि मी जीभ चावली. मग त्यांनी विचारलं, स्नॅपशॉट घेताना रेप्लिकेला थांबवलं होतं ना? मी म्हटलं, थांबवलं होतं. त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. शाबासकी नाही, काही नाही. मी पोह्यांकडे परत वळलो, तर त्यांच्या मिस्टरांचा फोन आला. ते कुजबुजत होते.

"अहो सातपुते, काय सांगितलंत तुम्ही हिला? रिटायर झाल्यापासून पुण्याबाहेर पाऊल टाकलं नाही हिने. मुलगी बंगळूरहून बोलावून थकली. ऑफिसातल्या पोरांना काही लागलं तर, असं म्हणून फोन उशाशी घेऊन झोपते. आणि आत्ता मला म्हणते, माळ्यावरची बॅग काढा."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसले. मला फार आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, जरा पोरकंही वाटलं.

आत आलो तर वानखडेने तोंडातला घास थांबवून विचारलं, "काय म्हणाल्या मॅडम?"

मी म्हटलं, "गावाला निघाल्या."